चार लिहिण्याच्या दोन रीती

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर जो इंग्रजी लेख कोरला आहे, त्याचा शेवट एका आकड्याने होतो. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांचे हिंदुस्थानात आगमन झाले त्याचे स्मरण म्हणून ही वास्तू उभारली, असे तो लेख सांगतो. त्यात दिवस आणि महिना शब्दांत आहेत. राजाचा क्रम आणि वर्ष मात्र रोमन अंकांत. आपल्या लिपीत त्या अंकांची अक्षरनामे लिहायची तर ते वर्ष 'एम-सी-एम-एक्स-आय' असे होईल. प्रस्तुत लेखात आम्ही हीच रीत ठेवली आहे: आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे आणि एम हजार. वाचकांना थोडा जाच होईल, पण इलाज नाही.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मुंबईतील शिलालेख पाहायला जातो, तेव्हा हा आकडा कोणीतरी फोडून दाखवतोच. पहिला एम हजार. पुढचा सी शंभर खरा, पण त्याच्या उजव्या हाताला त्याहून मोठा एम उभा आहे, म्हणून हजारातून शंभर वजा, नऊशे. मग एक्स-आय, अकरा. एकोणीसशे अकरा. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नऊशे लिहायला शंभर वजा कशाला करायचे? पाचशे आणि चार वेळा शंभर असे सरळ का नाही लिहीत?" आम्ही शाळेत शिकलेला नियम सांगितला की एकच चिन्ह लागोपाठ तीनदाच येते, चौथ्यांदा येत नाही. तिचे समाधान झाले असावे. आमचे पुढे झाले नाही.

कारण लंडनमध्ये अॅडमिरल्टी आर्च नावाची एक भव्य कमान आहे. सातव्या एडवर्डच्या राज्याच्या दहाव्या वर्षी कृतज्ञ नागरिकांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ उभारली, अशा अर्थाचा लॅटिन लेख तिच्यावर आहे, आणि त्याखाली वर्ष आहे 'एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स'. म्हणजे १९१०. त्या विद्यार्थिनीने सुचवला होता नेमका तसाच नऊशे: पाचशे आणि पुढे चार शंभर. एकच साम्राज्य, दोन कमानी, दोन वर्षांत एका वर्षाचे अंतर, आणि नऊशे लिहिण्याच्या दोन रीती. लंडनच्या कमानीवर चूक झाली असे म्हणावे, तर ती राजधानीत, राजाच्या डोळ्यांदेखत झाली असे म्हणावे लागेल.

आपल्याकडे पाचवी-सहावीत जे नियम पाठ करून घेतात ते थोडक्यात असे. मोठे चिन्ह आधी, लहान नंतर, म्हणजे बेरीज. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आले तर वजाबाकी. आय हा व्ही आणि एक्सच्याच आधी यावा. एक्स हा एल आणि सीच्या आधी. सी हा डी आणि एमच्या आधी. आणि तोही एकदाच. व्ही, एल, डी यांची द्विरुक्ती नाही, इतरांची तीनपेक्षा अधिक आवृत्ती नाही. या नियमांनी १९९९ हे वर्ष 'एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स' असे लिहावे लागते. हजारातून एक वजा करून 'एम-आय-एम' लिहिणाऱ्या मुलाचा गुण जातो. नियम सुटसुटीत आहेत, त्यांत संदिग्धता नाही, आणि परीक्षेला सोयीचे आहेत. आमचा आक्षेप एवढाच की यांना 'रोमन' म्हणावे की नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रोमच्या कोलोसियमला ऐंशी दरवाजे होते. चार मुख्य प्रवेश सोडले तर बाकीच्यांच्या कमानींवर क्रमांक कोरलेले होते, म्हणजे प्रेक्षकाने आपल्या दरवाजाने आत जावे. बाहेरची भिंत जेवढी उरली आहे तेवढ्या भागात तेविसापासून चोपन्नापर्यंतचे क्रमांक आजही वाचता येतात. त्यांतला चव्वेचाळिसावा पाहावा. तो आहे 'एक्स-एल-आय-आय-आय-आय'. यातल्या चाळिसात पन्नासातून दहा वजा केले आहेत. आणि लगेच पुढे चार मात्र चार उभ्या रेघांनी, बेरजेने. एकाच आकड्यात दोन्ही रीती शेजारीशेजारी, आणि कोरणाऱ्या पाथरवटाला त्यात काही विसंगत वाटलेले नाही. चोपन्नाव्या दरवाजावरही चार रेघाच आहेत. ही काही खेड्यातल्या अर्धशिक्षिताची पाटी नव्हे. इसवी सन ८० मध्ये खुली झालेली ती बादशाही इमारत आहे.

याहून बोलका दाखला जर्मनीत बॉन येथील संग्रहालयात आहे. इसवी सन ९ मध्ये टॉयटोबर्गच्या अरण्यात व्हारस या सेनापतीच्या तीन रोमन पलटणी कापल्या गेल्या. त्यांतल्या अठराव्या पलटणीचा शतपती मार्कस केलियस याच्या भावाने त्याचे स्मारक उभारले. मृतदेह मिळालेला नव्हता. हाडे येथे ठेवण्यास मुभा राहील, असे त्या शिळेवर कोरून ठेवले आहे. पलटणीचा क्रमांक मात्र तिथे शाळेतल्या नियमाने, म्हणजे दहा-पाच-तीन असा नाही. तो आहे 'एक्स-आय-आय-एक्स': विसातून दोन वजा. दोन वेळा आय, तोही एक्सच्या आधी. आजच्या गुणपत्रिकेत हा सरळ शून्य. त्याच ओळीत केलियसचे वय आहे, 'एल-आय-आय-आय' आणि पुढे 'एस'. हा एस म्हणजे 'सेमिस', अर्धा. माणूस साडेत्रेपन्न वर्षांचा होता.

अठरासाठी विसातून दोन का, याचे उत्तर अंकात नाही, बोलीत आहे. लॅटिनमध्ये अठराला 'दुओदेविगिंती' म्हणत, विसातून दोन. आणि एकोणिसाला 'उंदेविगिंती', विसातून एक. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. आपले एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस, एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. थेट एकोणनव्वदपर्यंत हीच वजाबाकी चालते आणि नव्व्याण्णवाला येऊन थांबते, तिथे शंभरातून एक काढायचे कोणाला सुचले नाही. (बोलीला नियमाचे असे वावडे असतेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा जो गदारोळ उठला, तो गणितापेक्षा कानाचा होता, असे आम्हांला अजूनही वाटते.)

परंतु बहुतेक रोमन लेखांत एकोणीस लिहिताना बोलीतली ही वजाबाकी उतरलेली दिसत नाही. तोंडाने 'विसातून एक' म्हणणारा माणूस हाताने दहा, पाच आणि चार रेघा ओढतो. बोलणे वजाबाकीचे, लिहिणे बेरजेचे. केलियसच्या भावाने बोलणे जसेच्या तसे लिहिले; कोलोसियमच्या पाथरवटाने चाळिसात वजाबाकी आणि चारात बेरीज केली. कोणीच चुकत नव्हते, कारण चुकायला तिथे नियमच नव्हता. रूढी होत्या, आणि त्याही अनेक.

बेरजेची रीत लिहिताना का टिकली असेल? रोमन माणूस या अंकांनी हिशेब करत नसे. हिशेब होई तो फळीवर, खड्यांनी. लॅटिनमध्ये अशा खड्याला 'कॅल्क्युलस' म्हणत; इंग्रजीतला आकडेमोडीचा शब्द त्यावरूनच आला. हातात मावणाऱ्या ज्या लहान रोमन गणकपाट्या आज उपलब्ध आहेत, त्यांत प्रत्येक स्थानाला खाली चार मणी आणि वर एक मणी असतो. खालचा एकेक मणी एकाचा, वरचा पाचाचा. नऊ करायचे तर वरचा एक आणि खालचे चार सरकवायचे. ते पाहून लिहायला बसले की व्ही आणि पुढे चार आय हेच लिहून होणार. लेखणी फळीची नक्कल करत होती. चारच्या 'आय-व्ही' मध्ये ज्युपिटर देवाच्या नावाची आद्याक्षरे येतात म्हणून रोमन ते टाळत, अशी एक कथा घड्याळांच्या चर्चेत हटकून सांगितली जाते. कथा गोड आहे, पण नऊ, चाळीस, नव्वद हेही अनेक ठिकाणी बेरजेनेच लिहिलेले सापडतात, त्यांचे काय? तिथे कोणता देव आडवा आला होता? घड्याळाच्या तबकडीवर आजही बहुधा चार रेघांचा चार असतो आणि त्याच तबकडीवर नऊ मात्र वजाबाकीचा. लंडनच्या बिग बेनवर चारही वजाबाकीचा आहे.

ही चिन्हे मुळात अक्षरेही नव्हती. एक, पाच, दहा यांची चिन्हे म्हणजे खाचा असाव्यात. रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांत पाचाचे चिन्ह उलट्या व्हीसारखे होते. पन्नासाचे चिन्ह एका बाणासारख्या खुणेतून झिजत झिजत एल झाले. हजारासाठी मधोमध उभी रेघ असलेले वर्तुळ होते, आणि त्याचा उजवा अर्धा भाग म्हणजे पाचशेचा डी. हजारासाठी एम हे आकडा म्हणून रूढ झाले ते फार उशिरा. लाखासाठी वर्तुळाभोवती कंस वाढवत नेत. गायस डुइलियसने इसवी सनापूर्वी २६० मध्ये मिळवलेल्या आरमारी विजयाच्या स्तंभावर, ज्याची साम्राज्यकाळात केलेली प्रत आज उरली आहे, हे लाखाचे चिन्ह ओळीने वीसहून अधिक वेळा कोरलेले आहे. तीनपेक्षा अधिक आवृत्ती नाही म्हणणाऱ्या नियमाने त्या स्तंभाकडे एकदा पाहून यावे.

बोलणे वजाबाकीचे आणि लिहिणे बेरजेचे, हा प्रकार आमच्या घरचाच आहे हे आम्हांला रोमन अंक वाचताना फार उशिरा उमगले. जुन्या मराठी हिशेबांत पाव लिहायला एक उभी रेघ, निम्म्याला दोन, पाऊणला तीन. पावणेदोन रुपये लिहायचे तर एकाचा आकडा आणि पुढे तीन रेघा: १।।।. तोंडाने आपण म्हणतो पाव-उणे दोन, आणि लिहितो एक आणि वर तीन पाव. केलियसचे बंधू असते तर त्यांनी इथे दोनातून एक रेघ वजा करून दाखवली असती.

साम्य इथेच थांबत नाही. रोमनांचे रोजच्या व्यवहारातले नाणे सेस्टर्टियस. मूळ किंमत अडीच 'आस'. हा शब्द 'सेमिस' आणि 'टर्टियस' यांचा जोड आहे: तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचे अर्धे. आपला 'अडीच' आला तो 'अर्धतृतीय' मधून. अर्थ अक्षरशः तोच. 'दीड' च्या मुळाशी दुसऱ्याचे अर्धे आहे. आणि जुन्या शाळांत सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पुढे जी औटकी घोकून घेत, त्यातला औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', साडेतीन. औट घटकेच्या राज्यातला तोच. या दोन भाषा दूरच्या नात्यातल्या आहेत हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला सांगतो, आणि उदाहरण म्हणून नेहमी माता-पिता-भ्राता घेतो. अडीच घेतले तर मुलांच्या अधिक लक्षात राहील. लिहिताना मात्र रोमन लोक सेस्टर्टियसचे चिन्ह दोन रेघा आणि एस, असे बेरजेनेच लिहीत. दोन रेघांना जोडणारी आडवी रेघ आली आणि ते एच-एस सारखे दिसू लागले.

आकड्यांनी लिहिण्यात काय धोका असतो हेही रोमनांनी सोसले. स्युटोनियसने गाल्बाच्या चरित्रात एक हकीकत दिली आहे. ऑगस्टसची विधवा लिव्हिया इसवी सन २९ मध्ये वारली. तिच्या मृत्युपत्रात गाल्बाला पाच कोटी सेस्टर्टियस ठेवले होते, सर्वांत मोठा वाटा. पण रक्कम चिन्हांत लिहिलेली होती, पूर्ण अक्षरांत नव्हे. वारस टायबेरियस. त्याने ती पाच लाख वाचली. एकास शंभर पट फरक! चिन्हे नेमकी कशी होती ते स्युटोनियस सांगत नाही. पण त्या काळच्या रीतीत आकड्यावर आडवी रेघ असली तर हजारपट आणि आडव्या रेघेबरोबर दोन्ही बाजूंना उभ्या रेघाही असल्या तर लाखपट मोजत. पाचशेवर फक्त आडवी रेघ म्हणजे पाच लाख, तीन बाजूंनी रेघा म्हणजे पाच कोटी. दोन उभ्या रेघा 'दिसल्या नाहीत' की काम झाले. गाल्बाला ते पाच लाखही मिळाले नाहीत असे स्युटोनियस पुढे सांगतो. सदुसष्ट-अडुसष्टच्या धामधुमीत तो पुढे सम्राट झाला, आणि चिक्कू म्हणून बदनाम झाला; त्याचा या प्रकरणाशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो.

'अक्षरी रुपये' ही आपल्या पावतीवरची ओळ याच भीतीतून आलेली. युरोपात मध्ययुगात रोमन आकड्यातला शेवटचा आय शेपूट काढून, जे सारखा लिहीत. पुढे कोणी आणखी एक रेघ वाढवू नये हा त्याचा एक उपयोग. लिओनार्दो फिबोनाचीने १२०२ च्या आपल्या ग्रंथात भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य यांची ओळख करून दिली, तरी फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबवह्यांत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली आणि रकमा अक्षरांनी लिहिण्यास सांगितले. ज्या अंकांचा आपण अभिमान बाळगतो ते तिथे संशयित म्हणून शिरले, ही गंमत आहे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीच्या ओवीत शके १२१२ शब्दांत आले आहे, त्याचे कारण अर्थातच वेगळे, छंदाचे; पण परिणाम तोच झाला की ते वर्ष नकलांमध्ये सुरक्षित राहिले. लॅटिन हस्तलिखितांचे संपादक सांगतात की नकलकारांच्या हातून सर्वांत अधिक बिघडतात ते आकडे. एक रेघ कमी-जास्त झाली तर वाक्य अडत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

छापखाना आल्यावर तरी नियम ठरला असेल, असे वाटते. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने 'हिप्नेरोटोमाकिया पोलिफिली' हा युरोपातील अत्यंत देखण्या ग्रंथांपैकी एक ग्रंथ १४९९ मध्ये छापला. अखेरीस वर्ष छापले आहे 'एम-आय-डी': हजार, आणि पाचशेतून एक वजा. आजच्या नियमाने एम-सी-डी-एक्स-सी-आय-एक्स हवे. वर उल्लेखलेला, 'एम-आय-एम' लिहून गुण गमावणारा मुलगा आल्डसच्या पंक्तीला बसतो. नियमाचा आजचा कडकपणा शालेय पुस्तकांनी आणला, आणि शाळांना तो हवाही असतो. उत्तर एकच असले की तपासणे सोपे. मराठी मुद्रकांनी मात्र रोमन अंकांची एक जागा आपल्या पद्धतीने भरून काढली. इंग्रजी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना लहान लिपीतले रोमन आकडे असतात. आपल्याकडे तिथे पानाखाली 'सात', 'आठ', 'एकोणीस' असे शब्दच छापतात. लिव्हियाच्या कारकुनाला ही रीत माहीत असती तर बरे झाले असते.

हे सगळे लिहायला बसण्याचे निमित्त आमच्याच विभागातले. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी एका जुन्या घरातल्या हिशेबवह्यांचे मोडीतून देवनागरीत लिप्यंतर केले. मेहनती मुलगा. त्याने ऱ्हस्व-दीर्घ साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे करून टाकले, जे नियम वही लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर किती दशकांनी झाले कोण जाणे. आणि पाव, निम्मे, पाऊणच्या उभ्या रेघा काढून तिथे दशांश लिहिले. १।।। चे १.७५. आम्ही तपासले, 'वाचनसुलभ' असा शेरा दिला आणि चांगले गुणही दिले. त्याच प्रबंधिकेत एका प्रकरणाचा क्रमांक त्याने चार रेघांनी लिहिला होता, त्याभोवती मात्र लाल वर्तुळ काढले.

यंदा दुसऱ्या एका कामासाठी मूळ वही पुन्हा उघडली. एका नोंदीत कुळाकडून आलेल्या रकमेपुढे तीन रेघा आहेत. पहिल्या दोन ठळक आणि सारख्या उंचीच्या. तिसरी थोडी आखूड, फिकट शाईची, दोन शब्दांच्या मधल्या जागेत कशीबशी बसवलेली. बेरजेच्या ओळीतही तसेच. लिहिणाऱ्याची शाई संपत आली होती, की पावली मागाहून मिळाली, की ती कधी मिळालीच नव्हती आणि कोणीतरी मिळवली, हे आता सांगता येण्याजोगे नाही. पण प्रश्न तरी विचारता येतो. १.७५ मध्ये तो विचारता येत नव्हता. त्या विद्यार्थ्याला, जो आता स्वतः शिकवतो, आम्ही फोन केला. ग्रंथालयातल्या प्रतीला आता एक पुरवणी जोडली आहे, तीत सगळ्या रेघा जशा आहेत तशा उतरवल्या आहेत, आणि त्या एका नोंदीचे छायाचित्र आहे. रकमेची अक्षरी नोंद वहीत कुठेच नाही.